स्वेनसाहेबांची चढण

स्वेनसाहेबांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर आहे आणि तिथं ते सुखात आहे. गावात कुणी त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःही मागं वळून बघायचे नाहीत. "ओ स्वेनसाहेब!" म्हटलं की मात्र जागच्या जागी थांबतात, छत्री काखेत मारतात आणि विचारतात, "दोन मिनिटं आहेत का?" आहेत म्हणून जो फसला, तो कामातून गेला. निदान अर्धी सकाळ तरी त्याची गेलीच म्हणून समजा.

साहेब म्हणावं असं त्यांच्यात तसं काही नाही. अंगानं काटक, उंची बेताची, शर्टाच्या खिशाला शाईचा एक जुना डाग. त्यांची साहेबी एवढीच, की उभं आयुष्य ते एका गोऱ्या साहेबाच्या मागावर होते. तो साहेब काही हाती लागला नाही, त्याचं नाव मात्र यांना चिकटलं.

नोकरी बांधकाम खात्यात, ट्रेसरची. इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालची रेघ न रेघ शाईनं वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नसते. हात थरथरता कामा नये आणि डोकं मधे येता कामा नये, एवढ्यावर त्यांनी सगळी नोकरी केली आणि चांगली केली. नोकरीला लागले तेव्हा गोऱ्यांच्या वेळचा गावाचा नकाशा जीर्ण झाला होता, तो उतरवायला त्यांच्या टेबलावर आला. खाली बाजारपेठ, मधे टेकडी, टेकडीपलीकडे बराकी, क्लब, चर्च, दफनभूमी. ज्या गल्लीबोळांत लहानपणी गुडघे फोडून घेतले, त्याच गल्ल्या अशा बारीक, देखण्या रेघांत बघितल्या आणि या माणसाचा जीव त्यात अडकला तो कायमचा. बाजारपेठेतून पायऱ्यापायऱ्यांनी टेकडीवर चढत जाणाऱ्या गल्लीवर नकाशात लिहिलं होतं, 'स्वेन लेन'.

हा स्वेन कोण? बस, एवढा एक किडा डोक्यात शिरला. रविवार आला की स्वेनसाहेब जुना टूथब्रश घेऊन दफनभूमीत. थडग्यांवरचं शेवाळ घासून घासून नावं वाचायची. पाद्र्याच्या मागं लागून चर्चच्या भिंतीवरचे सगळे पितळी पत्रे पालथे घातले. क्लबातल्या जुन्या फोटोंमधल्या मिशाळ साहेबांना भिंगातून न्याहाळून झालं. दफनभूमीत साहेब होते, मडमा होत्या, बिचारी तान्ही पोरं होती, स्वेन तेवढा नव्हता. परदेशातल्या एका संग्रहालयाकडेही चौकशी केली. तिकडच्यांनी फार सभ्य भाषेत हात वर केले.

माणूस सापडत नाही म्हटल्यावर स्वेनसाहेबांनी तो हळूहळू घडवायला घेतला. एवढी गल्ली बांधली म्हणजे साहेब इंजिनिअर असावा. रोज वर-खाली करायचा म्हणजे घोडेस्वार असावा. चढण अशी, तर गडी दणकट असावा. वर्षं गेली तशी यातल्या 'असावा'चं कधी 'होता' झालं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारची फेरी सुरू केली. ज्याला यायचं त्यानं सकाळी बाजारपेठेत यावं, स्वेनसाहेब सगळं जुनं गाव पायी दाखवणार, तेही फुकट. शाळेतले शिक्षक यायचे, नव्यानं बदलून आलेले सरकारी नोकर यायचे, हौशी मंडळी यायची. फेरीतली सगळ्यात रंगलेली जागा म्हणजे अर्थातच स्वेन लेन.

गल्लीच्या पायथ्याला ओतीव लोखंडाची पाटी आहे, गोऱ्यांच्याच वेळची. तिच्यावर 'स्वेन' नाही. नकाशातल्या इंग्रजी नावात ए आणि आय आहेत, त्यांच्या जागी पाटीवर दोन ई आहेत, म्हणजे सरळ वाचलं तर 'स्वीन'. स्वेनसाहेब छत्रीच्या टोकानं ती अक्षरं दाखवायचे. "बघा, ओतारी आपल्यातलाच असणार. कानाला जसं लागलं तसं ओतून मोकळा झाला. साहेबाच्या नावाचं पार वाटोळं!" मग थोडं वर गेलं की भिंतीला लागून एक दगडी बैठक लागते. अशा बैठका वरपर्यंत आहेत. "साहेब यावरून घोड्यावर चढायचा," असं सांगून ते पुढची मखलाशी करायचे, "मी टेप लावून मोजलंय. खालच्या बैठका लांब लांब, वरच्या जवळ जवळ, आणि शेवटच्या दोन तर जवळपास चिकटलेल्या. गवंडी दुपारनंतर शुद्धीत नसायचा बहुतेक!" इथं सगळे हसायचे. हसले नाहीत तर ते थोडं थांबून पुन्हा सांगायचे.

आता सिस्टरांबद्दल सांगायला हवं. सिस्टर म्हणजे स्वेनसाहेबांची बायको. टेकडीच्या माथ्यावर नगरपालिकेचं प्रसूतिगृह आहे, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली. अर्ध्या गावाला त्यांनी पायाला धरून उलटं केलेलं आहे, त्यामुळे गावात कुणाचा तोरा त्यांच्यापुढे फारसा चालत नाही. नवऱ्याचा तर नाहीच नाही. नवरा-बायकोत एका शब्दावरून लग्न झाल्यापासून कुरबुर होती. गावातले बाकी लोक, भाजीवाल्या, हमाल, रिक्षावाले, स्वेन लेनला 'सुइनलेन' म्हणतात. सिस्टरही म्हणायच्या.

"अगं, सुइन नाही. स्वेन. स्वे-न."

"बरं, स्वेन. येताना दूध आणा, सुइनलेनच्या कोपऱ्यावरून."

स्वेनसाहेब हात टेकायचे. पण सोडायचे नाहीत. भाजीवालीची जीभ सुधारायचे, रिक्षावाल्याची सुधारायचे, एकदा तर डॉक्टर दातात यंत्र घालून उभा असताना त्याचीही सुधारली होती. गाव एका कानानं ऐकायचं, हसायचं आणि पुन्हा सुइनलेन म्हणायचं. तो एकच घट्ट शब्द होऊन बसला होता. त्याचे तुकडे करून आत काय आहे ते बघावं, असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

घोडं अडलं ते गेल्या वर्षी. नगरपालिकेनं ठरवलं की साहेबांची नावं असलेल्या रस्त्यांचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. ज्या साहेबानं गावाचं काही भलं केलं असेल, त्याची माहिती देणारा फलक लावायचा. ज्याचा काहीच पत्ता नाही, त्याचं नाव काढून नवं नाव द्यायचं. ठराव काही वाईट नव्हता. नगराध्यक्षही वाईट माणूस नाही. गल्लीच्या पायथ्याशी त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. गल्लीला वडिलांचं नाव द्यावं असं त्यांच्या मनात होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"स्वेनसाहेब, तुमच्या साहेबाचा एक तरी पुरावा द्या," ते म्हणाले. "पुढच्या सभेपर्यंत थांबतो. त्यानंतर मात्र मला दोष देऊ नका."

स्वेनसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पुरावा असता तर आयुष्य कशाला घासलं असतं? 'असावा'वर बांधलेला इमला सभेपुढे टिकणार नाही, हे मनातून त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा टूथब्रश काढला, पुन्हा थडगी घासली. जेवण तुटलं. गल्लीचं नाव जाईल याचं दुःख तर होतंच, पण त्यापेक्षा मोठी धास्ती वेगळी होती. पाटी उतरली की आपण आजवर काय केलं, याला उत्तर काय द्यायचं? नसलेल्या माणसाच्या मागं धावणारा वेडा म्हणून आपलं हसं होणार, हे त्यांना रोज सकाळी आरशात दाढी करताना दिसायचं.

त्याच सुमारास सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला, हळू चाला, पण रोज चाला. नवऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता. एका रविवारी त्यांनी काठी उचलली आणि म्हणाल्या, "चला, आज मी पण येते तुमच्या फेरीला."

स्वेनसाहेब चाटच पडले. एवढ्या वर्षांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. आधी रविवारी ड्युटी असायची, आणि नंतर विचारलं की म्हणायच्या, ती चढण मी पगार घेऊन चढले, आता फुकट कशाला चढू?

त्या दिवशी फेरीला मोजकीच माणसं होती. बँकेत बदलून आलेला एक जण, त्याची बायको, आणि शाळेतल्या भूगोलाच्या बाई. पाटी झाली, ओताऱ्याची निंदा झाली, पहिली बैठक आली. स्वेनसाहेबांनी घोडा पुढे आणला. सिस्टर मात्र सरळ त्या दगडावर बसल्या, कारण गुडघा ठणकायला लागला होता.

"बसा हं मंडळी, आमच्या गुडघ्याला दम खाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी या गल्लीतून रोज ये-जा केली, पण या दगडावर आज पहिल्यांदा टेकतेय. तेव्हा पळतच असायचे मी."

बसल्या आणि मागं रेलल्या. पाठ भिंतीला लागली, ती बरोबर एका खोलगट जागी. भिंतीचा दगड तिथं आतल्या बाजूला गोलसर तासलेला होता. सिस्टरांनी मागं हात नेऊन चाचपून बघितलं.

"अहो, घोड्यावर चढणाऱ्याला पाठ टेकायला जागा कशाला लागते?"

"असेल, तशी घडण असेल," स्वेनसाहेब म्हणाले.

"आणि पायऱ्यांवर घोडा कशाला आणतोय तो? तंगडी मोडायला?"

बँकवाल्याला हसू आवरेना. स्वेनसाहेबांनी मुकाट्यानं छत्री उचलली आणि पुढे निघाले. बराच वेळ चढल्यावर दुसरी बैठक आली. सिस्टर बसल्या, मागं रेलल्या, तिथंही पाठीला तसाच खळगा. तिसरी थोडी लवकर आली. चौथी आणखी लवकर. दर बैठकीला बसताना सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या, ती त्यांची नोकरीतली सवय होती. पाचव्या बैठकीवर त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदललेला होता. "तुमचा गवंडी शुद्धीत होता हो. कळा मोजून बसवलेत हे दगड."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय! बाईला कळा सुरू होतात ना, तेव्हा पहिल्यांदा मधे बराच वेळ जातो. मग त्या जवळ जवळ येतात. मग आणखी जवळ. शेवटी तर दम घ्यायला फुरसत मिळत नाही." त्यांनी काठीनं वरच्या त्या दोन चिकटलेल्या बैठका दाखवल्या. "पोटुशी बाई चढत येतेय आणि जिथं कळ येणार तिथं तिला टेकायला दगड आहे. हे घोड्याचं काम नाही. ज्या कुणी सांगून हे करून घेतलं, तिचे हात माझ्यासारखे होते."

बँकवाल्याच्या बायकोनं उठून त्या खळग्यात स्वतःची पाठ टेकवून बघितली आणि तशीच बसून राहिली.

"पण मग वर राहत कोण होतं?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

"स्वेन," स्वेनसाहेब सवयीनं म्हणाले.

"सुईण," सिस्टर म्हणाल्या.

चूक सुधारायला स्वेनसाहेबांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. सुईण. बाळंतपण करणारी बाई. सुईणीची लेन. सुइनलेन. एवढी वर्षं सगळं गाव त्यांच्या तोंडावर बरोबर बोलत होतं आणि ते एकटे चुकीचं शिकवत होते! छत्री तिथंच टाकून ते पायऱ्या उतरत सुटले. या वयात एवढे उतरू नका म्हणून सिस्टर वरून ओरडत होत्या, पण ऐकतो कोण. पायथ्याशी पाटीसमोर जाऊन ते धापा टाकत उभे राहिले. दोन ई. ओताऱ्यानं नावाचं वाटोळं वगैरे काही केलं नव्हतं. गोऱ्या मोजणीदारानं इथल्या माणसाला विचारलं असेल, या रस्त्याला काय म्हणता? तो म्हणाला असेल, सुईण. साहेबाच्या कानाला लागलं ते त्यानं आपल्या अक्षरांत लिहिलं, आणि ओताऱ्यानं तसंच लोखंडात ओतलं. पुढे कचेरीतल्या कुणा शहाण्याला वाटलं असेल, स्वीन हे कसलं नाव, स्वेन असणार. त्यानं नकाशात दुरुस्ती केली. आणि ती दुरुस्ती एका तरुण ट्रेसरनं, हात न थरथरता, सुंदर शाईनं उतरवून घेतली.

खोटं कशाला सांगा, पहिले दोन दिवस त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. साहेब गेला तो गेलाच. घरातलं कुणी गेल्यासारखे ते खिडकीशी बसून राहिले.

"असे तोंड पाडून बसू नका," सिस्टर म्हणाल्या. "साहेब नव्हता तर नव्हता. जी होती तिच्याकडे बघा की जरा."

"मला हसतील लोक."

"हसू देत. माझ्या गुडघ्याला हसले नाहीत का? तरी मी चढलेच ना?"

स्वेनसाहेबांनी बायकोकडे बघितलं. ही बाई रोज पहाटे त्या गल्लीनं वर जायची, कुणाकुणाच्या कळा सोसायला हात द्यायची आणि संध्याकाळी दूध घेऊन घरी यायची. तिच्या कामाबद्दल आपण कधी धड विचारलंसुद्धा नाही, आपण साहेब शोधत होतो. त्यांचे डोळे भरून आले. "चहा करतो," म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. चहा कडू झाला होता, पण सिस्टरांनी तो नाक न मुरडता प्यायला.

सभेत त्यांनी उभं राहून सरळ सांगून टाकलं, स्वेन नावाचा साहेब माझ्या समजुतीप्रमाणे कधी नव्हताच. मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यांनी बैठका सांगितल्या, पाटी सांगितली, सुईण सांगितली. नगराध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कागदोपत्री काही?"

"नाही."

"त्या सुईणीचं नाव?"

"ते कळायला मार्ग नाही."

"मग साहेबासारखीच ही पण तुम्ही घडवलेली नाही कशावरून?"

हा घाव वर्मी लागला, कारण प्रश्न रास्त होता. स्वेनसाहेब एवढंच म्हणाले, "तुम्ही एकदा माझ्याबरोबर चढून बघा." नगराध्यक्षांनी मान्य केलं. माणूस वाईट नाही म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याशी सगळे जमले. नगराध्यक्ष, पालिकेचा इंजिनिअर, स्वेनसाहेब आणि काठी घेऊन सिस्टर. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून नगराध्यक्षांच्या आई बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कानानं तल्लख, दुकानाच्या माडीवरच राहणाऱ्या. नवऱ्याच्या नावाचा फलक नेमका कुठं लागणार ते बघायला त्या खाली आल्या होत्या. इंजिनिअर पहिल्या बैठकीपाशी उभा राहून म्हणत होता, "पाहणी अहवालात हिला काय म्हणू? बैठक क्रमांक एक?"

"तिला 'अजून वेळ आहे' म्हणतात," खुर्चीतून आवाज आला.

सगळे वळले.

"कुणाला, आई?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"त्या दगडाला रे. पहिला दगड 'अजून वेळ आहे'. दुसरा 'घाबरू नको'. मला माझ्या सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या. मधल्यांची नावं आता आठवत नाहीत, मी तरी कुठं शुद्धीत होते. वरचे दोन जवळ जवळ आहेत ना, ते 'धर' आणि 'सोड'. तेव्हा मोटारीचा रस्ता झाला नव्हता. खालच्या बाजारातल्या आम्ही सगळ्या इथूनच चढून वर प्रसूतिगृहात गेलो. तू झालास तेव्हाही मी इथूनच चढले."

"आणि बाबा?"

"तुझे बाबा म्हणाले, तू हो पुढं, मी गिऱ्हाईक करून आलोच. ते आले तेव्हा तू दूध पिऊन झोपला होतास." म्हातारी खुदकन हसली. "माणूस लाखात एक होता, पण गल्लीला त्यांचं नाव नको. चढले कुठं ते? त्यांचं नाव दुकानावर आहे तेवढं पुरे."

इंजिनिअर अहवाल लिहायचा थांबला.

"काकू," स्वेनसाहेबांनी विचारलं, "हे दगड कुणी बसवले, काही ऐकलं होतं का?"

"नाही बाबा. आपण कुठं विचारतो? मी आपली 'घाबरू नको'वर टेकले, मागं भिंतीचा गारवा लागला, आणि मनात म्हटलं, ज्या कुणाला हे सुचलं तिचं भलं होवो. चारही वेळेला म्हटलं." त्यांनी स्वेनसाहेबांकडे निरखून बघितलं. "तुम्ही याच बाजारातले ना? मग तुमची आई पण इथूनच गेली असणार. तिनं पण म्हटलं असेल."

स्वेनसाहेबांची आई जाऊन खूप वर्षं झाली होती, विचारायची सोय नव्हती. ते जाऊन त्या पहिल्या दगडावर बसले. याच दगडावरून त्यांनी लोकांना घोड्याची गोष्ट सांगितली होती, आणि याच दगडावर कधीतरी त्यांची आई त्यांना पोटात घेऊन टेकली होती, भ्यालेली, घामानं भिजलेली, त्यांच्या आजच्या वयाच्या निम्म्याहून लहान. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सिस्टर शेजारी येऊन बसल्या. त्या दगडावर दोघांना पुरेल एवढी जागा होती.

ठराव एकमतानं झाला. गल्लीचं नाव 'सुईणलेन', लोखंडी पाटी आहे तशी राहू द्यायची, आणि शेजारी एक फलक लावायचा. मजकूर स्वेनसाहेबांनी द्यावा, असं नगराध्यक्षांनीच सुचवलं. आईला दाखवून मगच छापा, एवढी एक अट घातली.

त्या दुपारी स्वेनसाहेब जुना ड्रॉइंग बोर्ड काढून टेबलाशी बसले. फलकावर काय असतं, ते त्यांच्या पाठ होतं. आधी नाव, मग जन्म आणि मृत्यूची सालं, मग हुद्दा, मग कार्य. इथं नाव नव्हतं, सालं नव्हती, हुद्दा गोऱ्यांनी चुकीचा लिहिला होता. त्यांनी बरंच लांबलचक लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, त्यात 'थोर' आलं, 'अनमोल' आलं, तेही फाडलं. शेवटी घोटीव अक्षरांत तीनच ओळी उरल्या, आणि त्या त्यांनी सिस्टरांपुढे धरल्या.

'इथं वर एक सुईण राहत असावी. तिचं नाव माहीत नाही. या गावातले सगळे लोक तिचे ऋणी.'

सिस्टरांनी चष्मा लावून वाचलं. 'असावी'वर त्यांची नजर थांबली आणि त्यांना हसू आलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण 'सगळे लोक' म्हणजे कोण हो? ते कुणीतरी दुसरेच वाटतात."

स्वेनसाहेबांनी कागद परत घेतला. मग 'या गावातले सगळे लोक' यावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली आणि तिथं लिहिलं, 'आम्ही'.